ताट गोल दिसेपर्यंत

बाबा, मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली होती, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की ताटाची व्हिडिओ टेप काढली तेव्हा तुम्ही धडधाकट होता आणि आजार त्यानंतर दोन वर्षांनी आला. तसं नाही. टेपमध्ये तुमच्या मागे फ्रीज दिसतो. फ्रीज आपण सत्त्याण्णवच्या गणपतीत घेतला, आणि दिवाळीनंतर लगेच डॉक्टरांनी तुम्हाला तपासण्यांसाठी मुंबईला पाठवलं. म्हणजे टेप या दोन्हींच्या मधली आहे. दोन वर्षांचं नाही, फार तर दोन महिन्यांचं अंतर. मागचं पत्र मी आठवणीवरून लिहिलं होतं, हे टेप बघून लिहिते आहे. मागचं पत्र कुठे पाठवलेलं नव्हतं, पण चूक लिहिली गेली होती आणि ती मला टोचत होती.

टेप कशासाठी काढली हे तुम्हाला सांगायला नको, पण ते लिहिल्याशिवाय मला पुढचं सांगता येणार नाही. विरारला तेव्हा संध्याकाळी व्होल्टेज उतरायचं आणि टीव्हीवरचं चित्र दोन्ही बाजूंनी आत ओढलं जायचं. लोक टीव्ही चादरीत गुंडाळून आपल्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन यायचे. तुम्ही मागचं झाकण काढून आत स्क्रूड्रायव्हर घालायचात, पण मागे बसलेल्या माणसाला पुढचा पडदा दिसत नाही, त्यासाठी समोर आरसा ठेवावा लागतो. आपला आरसा फुटला तेव्हा मी पाच वर्षांची होते, शाळेत नाव घालायचं होतं. तुम्ही मला पडद्यासमोर स्टुलावर बसवलंत आणि म्हणालात, "आता तूच आरसा. दिसेल तेच सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून काही सांगायचं नाही." माझी पहिली शाळा ती. डावं-उजवं मी तिथे शिकले, रंगांची नावं तिथे शिकले, आणि एखादी गोष्ट नीट दिसेपर्यंत तोंड न उघडणं हेही तिथेच शिकले. शेवटचं जरा जास्तच शिकले असं आई म्हणते. ऑफिसात साधं पत्र टाइप केलं तरी मी ते तीनदा वाचते.

पूर्वी सकाळी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी टीव्हीवर एक मोठा गोल दिसायचा. तो लांबट न दिसता नीट गोल दिसला की चित्र बरोबर आणि तुमचं काम झालं. पुढे दिवसभर कार्यक्रम लागायला लागले आणि गोल गेला. मग लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाचा व्हिडिओ कॅमेरा दुरुस्तीला आला, तेव्हा तो चालतो का बघायचं म्हणून तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात आईला बसवलंत आणि तिच्या हातात त्या गोलाच्या जागी आपलं मोठं स्टीलचं ताट दिलंत. आठ मिनिटं ती ते छातीशी धरून बसली आहे. मधून मधून म्हणते, "अहो, भात करपेल." तुमचा आवाज येतो, "हलू नकोस." मग भात खरंच लागतो, ती उठते, तुम्ही कॅमेरा माझ्या हातात देता आणि तिच्या जागी जाऊन बसता. शेवटचं पाऊण मिनिट तुम्ही आहात. निळा शर्ट, हातात ताट, आणि ते तुम्ही सावकाश फिरवून दाखवता, जसं काही ते पलीकडून वेगळं दिसणार आहे. त्यानंतर जो टीव्ही दुकानात आला त्याला आधी ही टेप लावायची, मी स्टुलावर, तुम्ही मागे. "गोल नाही. अजून नाही. थोडं जास्त झालं. गोल." तुमचं हलतं चित्र एवढंच आहे. बाकी सगळे फोटो.

टेपला बुरशी धरायला लागली होती. म्हणून मागच्या महिन्यात मी ती विरारच्या एका स्टुडिओत साफ करून हार्ड डिस्कवर उतरवून घेतली. सीडी केली नाही, कारण सीडीत मावण्यासाठी चित्र दाबतात आणि बारीकसारीक निघून जातं. पण हार्ड डिस्क टीव्हीला नुसती जोडून चालत नाही. त्यासाठी मध्ये एक डबा लागतो, मीडिया प्लेयर म्हणतात त्याला. तो हार्ड डिस्कवरचं वाचतो, संगणकावरचंही तारेतून ओढून आणतो आणि एका जाड तारेने टीव्हीवर दाखवतो. मी दोन आठवडे त्यावर वाचत होते. मग वसई स्टेशनच्या पश्चिमेला एका दुकानात गेले. दुकानदाराकडे असे दोन डबे होते, एक काळा आणि एक चंदेरी, आणि तो दोन्हींवर समुद्रातले मासे आणि फुलपाखरं दाखवायला लागला. मी म्हटलं, तुमचं नको, माझं लावा. हेही तुम्हीच शिकवलेलं, बाबा. अनोळखी मासा निळा होता की जांभळा हे कोणाला ठाऊक, आपल्या घरातलं ताट कसं आहे ते आपल्याला ठाऊक असतं.

आधी त्याने काळा डबा लावला. हल्लीचे टीव्ही आडवे असतात आणि आपली टेप जुन्या चौकोनी मापाची, त्यामुळे त्या डब्याने दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडल्या आणि मध्ये चित्र जसं होतं तसं ठेवलं. ताट गोल. तुम्ही ते फिरवलंत तेव्हा त्याची कड कुठेही फाटली नाही. मला वाटतं इतकं स्वच्छ मी ते चित्र तेव्हाही पाहिलं नव्हतं, आपल्या दुकानातल्या कुठल्याच टीव्हीवर नाही. आणि म्हणूनच मला तुमची गळ्याची हाडं दिसली. शर्टाचं वरचं बटण उघडं आहे आणि तिथे दोन खड्डे आहेत. घड्याळाचा पट्टा मनगटावरून घसरून कोपराकडे गेला आहे. मी दुकानात उभी होते, शेजारी कोणीतरी इस्त्रीची किंमत विचारत होतं, आणि मला कळलं की त्या दिवशी तुम्ही आजारी होता आणि कॅमेरा माझ्या हातात होता.

मग त्याने चंदेरी डबा लावला. तो कुठलंही चित्र ताणून पडदाभर करतो. ते थांबवायची सोय त्यात नाही, आणि टीव्हीच्या रिमोटने ते बदलत नाही, मी दोनदा करून बघितलं. ताट फिरताना कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येत होत्या. पण गाल भरलेले, खांदे रुंद, गळ्याचे खड्डे जवळजवळ बुजलेले. किमतीत फारसा फरक नव्हता. मी चंदेरी डबा घेतला. घरी येताना मी मनाशी कारणं लावत होते. हा लहान आहे, शोकेसमध्ये बसेल. काळ्याचा पंखा आवाज करतो. आईला त्या काळ्या पट्ट्या विचित्र वाटतील. आईला ती हाडं बघायला लागू नयेत. शेवटचं कारण मला सगळ्यात चांगलं वाटलं, म्हणून मी तेच धरून ठेवलं.

आईने त्या संध्याकाळी बघितलं. हातातली साडी बाजूला ठेवून बघितलं. हल्ली ती घरीच फॉल-पिको करते, दुकान तुम्ही गेल्यावर आम्ही देऊन टाकलं. बघून झाल्यावर म्हणाली, "छान भरलेले दिसतात." मी पुन्हा लावलं. ती पुन्हा तेच म्हणाली. मला वाटलं, झालं, ठीक केलं आपण. तरी झोपेपर्यंत मला जूचंद्र गावच्या त्या गिऱ्हाईक मावशींचा टीव्ही आठवत राहिला. मी नऊ वर्षांची होते. मावशी दुकानात बसल्या होत्या आणि मी रंगाची कळ फिरवत फिरवत पडद्यावरच्या माणसांचे चेहरे शेंदरासारखे केले होते. मावशींना ते इतकं आवडलं की त्या म्हणाल्या, "बस गो, आसाच ऱ्हाऊदे." मी तुम्हाला मागे ओरडून सांगितलं, झालं. टीव्ही गेल्यावर तुम्ही मला विचारलंत आणि मी खरं सांगितलं. तुम्ही रागावला नाहीत, त्याहून वाईट केलंत. म्हणालात, "गिऱ्हाईक खूश झालं. चित्र कुठे बरोबर झालं?" दुसऱ्या दिवशी सायकलवर मला पुढे बसवून जूचंद्रला नेलंत, मिठागरांच्या कडेने, आणि मावशींच्या घरी जाऊन रंग उतरवलात. मावशी कुरकुरल्या, तुम्ही ऐकलं नाही. मग त्यांनीच आपल्याला जेवायला वाढलं.

त्याच मावशी परवा रविवारी साडीला फॉल लावायला घेऊन आल्या. आता त्या पुष्कळ थकल्या आहेत, पण आवाज तोच. मी टीव्ही लावला होता. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं.

"यो कोन? तुजा बा?"

"हो, मावशी."

"एवरा जाडा कदी व्हता गो तो? काटकुला मानूस. सायकलवर बसला का मना सायकलच दिसाची."

मी म्हटलं, "कॅमेऱ्यात माणूस जरा जाड दिसतो."

आईने दाताने दोरा तोडला आणि मान वर न करता म्हणाली, "कॅमेऱ्याला कशाला नावं ठेवतेस? ताट बघ की. लांबट झालंय. डबाच तसा आहे."

"मंग दुकानवाल्याला परत नेऊन दे," मावशी म्हणाल्या. "मानूस वलखू नाय येत, आन कसला डबा."

मावशी गेल्यावर मी आईला विचारलं, तुला कधी कळलं. ती म्हणाली, "पहिल्याच दिवशी. आठ मिनिटं ते ताट धरून बसले होते मी. मला कळणार नाही होय?"

"मग भरलेले दिसतात असं का म्हणालीस?"

"तू टीव्हीकडे बघतच नव्हतीस. माझ्या तोंडाकडे बघत होतीस. मला वाटलं, तुला हेच ऐकायचंय."

तेव्हा मी तिला काळ्या डब्याचं सांगितलं. हाडांचं, घड्याळाच्या पट्ट्याचं. म्हटलं, "आई, कॅमेरा मी धरला होता आणि मला दिसलं नाही. मला तर दिसायला हवं होतं."

आईने बॉबिन भरून मशीनमध्ये बसवली. मग म्हणाली, "तुला कसं दिसेल? मी श्रावणापासून त्यांचे शर्ट आत घेत होते. दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच. तो निळा दोनदा उसवून शिवला. त्यांनीच सांगितलं होतं, ढगळ दिसायला लागला की पोरीच्या लगेच ध्यानात येईल."

बाबा, यावर मी तुम्हाला काय म्हणू? मला आरसा केलंत, दिसेल तेच सांगायला शिकवलंत, आणि स्वतः आरशासमोर आत घेतलेला शर्ट घालून बसलात. दिवाळीपर्यंत मुलीच्या लक्षात येऊ नये म्हणून. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर तुम्ही त्याला सायकलवर बसवून परत नेलं असतं. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मला हसू आलं आणि मग आईलाही आलं. ती म्हणाली, "बटणंसुद्धा सरकवून घेतली होती. मला म्हणायचे, नीट कर, ती बारीक बघते." तुम्ही गेल्यापासून बारा वर्षं मी हे कधी ऐकलं नव्हतं, आणि बारा वर्षं तिने ते सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नाही.

मग ती म्हणाली, "तो दुसरा डबा आण. मला ते जसे होते तसे बघायचेत. मी तसेच बघितलेत, माझं काही बिघडलं नाही." आणि वर, "मीही येते दुकानात. ताट पिशवीत घालून आणते. टीव्हीशेजारी धरून बघू." ताट अजून आहे, बाबा. एका कडेला पोचा आला आहे, पोळ्यांच्या डब्यावर झाकण म्हणून वापरतो. मी तिला म्हटलं, लोक हसतील. ती म्हणाली, "तुझ्या बाबांबरोबर संसार केलाय, मला लोकांच्या हसण्याचं काय सांगतेस."

हे पत्रही मागच्यासारखंच वहीत राहील. पण वर एक चूक मी तशीच सोडली आहे, ती दुरुस्त केल्याशिवाय मी वही मिटणार नाही. आईला हाडं दिसू नयेत म्हणून मी चंदेरी डबा घेतला, असं वर आलं आहे. आईसाठी नव्हतं ते. मला बघवलं नाही. दुकानदाराने पावती फाडायच्या आधी विचारलं होतं, "मॅडम, चित्र बरोबर आहे ना? एकदा नीट बघून घ्या." मी ताटाकडे नीट बघितलं. चांगलं हातभर पसरलं होतं. आणि मी म्हणाले, हो, गोल आहे.

डबा बदलून द्यायला दुकानदाराने शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे. शेवटच्या दिवसावर ठेवलं तर मी पुन्हा विचार करत बसेन. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. आई आणि मी गुरुवारी जाणार आहोत.