पिंजऱ्यात तिघे आणि एक शेळी

राजुरी, मंगळवार

आदरणीय जयवंतमामांना,

भाचा राजरत्न याचा सविनय जय भीम. मामींनाही सांगावा. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो असं आईकडून कळलं, बरं वाटलं. मामींनी गोड सोडलंय असं त्या सांगतात आणि सोडलेलं नाही असं तुम्ही सांगता. दोघांच्याही प्रकृतीला आराम पडो. इकडे आम्ही सगळे ठीक. माझ्या डाव्या पायाचा अंगठा मोडलाय, पण तो ठीक असण्याच्या आड येत नाही, फक्त बुटाच्या आड येतो. त्याची हकिगत पुढे येईलच, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या अंगठ्यातच आहे.

तुम्ही फोन न करता पत्र पाठवलंत तेव्हाच मी ओळखलं की विषय तुमच्या लेकीचा, कल्याणीचा असणार. (तुमचा मोबाइल तीच लावून देते आणि आलेले मेसेजही तीच वाचून दाखवते. त्यामुळे तिच्याविषयी बोलायचं तर आता टपालखातंच उरलं.) वनरक्षकाच्या भरतीत तिची निवड झाली, ती धावण्यात पहिली आली, याचं तुम्हाला कौतुक आहे आणि त्याहून जास्त धास्ती आहे. ओळखीच्या पतसंस्थेत पंख्याखालची नोकरी तयार असताना पोरीने उसात वाघाच्या मागे का हिंडावं, आणि या खात्यात जो पगार मिळतो तो जिवाच्या मानाने पुरेसा आहे का, हे मी स्वानुभवाने आणि जरा भीती वाटेल असं लिहावं, अशी तुमची आज्ञा आहे. भीती वाटेल असं लिहिता येईल की नाही सांगता येत नाही. घडलं तसं लिहितो. तेवढं पुरेल.

आधी हे सांगायला हवं की मी वनरक्षक झालो तेव्हा मला तळेघरला नेमणूक मिळाली होती. तिथे धोका असा नव्हताच. एसटी चुकली की डोंगर उतरायचा आणि साहेबांनी बोलावलं की चढायचा, एवढंच काम. तिथे मी एक शेकरू पाहिलं आणि भातखाचरांतला भरपूर चिखल पाहिला. पगार मला तेव्हा चांगला वाटत असे. मग बदली होऊन राजुरीला आलो. इथे ऊस आहे, उसात बिबटे आहेत, आणि उसाच्या बाहेर माणसं आहेत. प्रशिक्षणात आम्हाला यातल्या फक्त बिबट्यांबद्दल शिकवलं होतं.

श्रावण संपता संपता इथल्या गेणभाऊंच्या गोठ्यातून कालवड गेली. गेणभाऊ म्हणजे गावातले जुने दूधवाले शेतकरी, आवाज मोठा, मिशी त्याहून मोठी. त्याच्या आधी त्यांची सून गुरांसाठी घास कापताना बिबट्याच्या तावडीतून थोडक्यात वाचली होती. ओढणी उसात राहिली आणि ती घरी आली. तेव्हा त्यांचा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. पिंजरा मागितला, पिंजरा आला. आमच्या गाडीवरचा ड्रायव्हर परवेज (जुन्नरचा, बांगडीवाल्यांच्या घरातला, खात्यात कंत्राटी, मला निदान पगाराबरोबर धोका मिळतो, त्याला धोका नियमित आणि पगार अधूनमधून) आणि मी, दोघांनी तो गेणभाऊंच्या उसाच्या कडेला बसवला. अशा पिंजऱ्याला मागे एक वेगळा कप्पा असतो, त्यात शेळी बांधतात. मध्ये जाड जाळी असते, त्यामुळे बिबट्या आत आला तरी शेळीला लागत नाही. हे शेळीला समजावता येत नाही. शेळी आम्हाला द्रौपदाबाईंनी दिली. या एकट्या राहणाऱ्या म्हातारबाई, कमरेत वाकलेल्या आणि कानाने जरा कमी. शेळीच्या केसालाही धक्का लागता कामा नये आणि रोज संध्याकाळी शेवरीचा पाला त्या स्वतःच आणून घालणार, अशा अटींवर त्यांनी ती दिली.

आठवडा गेला, बिबट्या आला नाही. त्याने पलीकडच्या वस्तीवरचा कुत्रा नेला, पिंजऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एका दुपारी आम्ही पिंजऱ्याच्या दाराचा खटका तपासायला गेलो आणि गाव जमलं. मोठा साहेब का येत नाही, हा सवाल होता. साहेब पुण्याला बैठकीला गेले होते (बैठकीचा विषय बिबट्याच होता, पण हे सांगून उपयोग झाला नाही). मी आत वाकून खटक्याला तेल देत होतो, परवेज मला बॅटरी दाखवत होता. गेणभाऊ म्हणाले, "आता आत हायतच, तर आतच बसा. साहेब आला की काढू." आणि दार पडलं. बाहेरून कोणीतरी खीळ घातली.

मामा, मी तुम्हाला खरं सांगतो, पहिला तासभर काही वाईट गेला नाही. गावाने आम्हाला चहा दिला, तो गजांतून घेता आला. कोणीतरी शेंगदाण्याचा लाडू दिला. फोटो काढले गेले. परवेजला त्याच्या आईचा, जोहराबींचा, फोन आला. जेवलास का, असं त्यांनी विचारलं. हा म्हणाला, पिंजऱ्यात आहे. त्या म्हणाल्या, कुठल्या गावच्या? गावाचं नाव ऐकून त्यांनी येताना तिथलं चांगलं तूप आणायला सांगितलं आणि फोन ठेवला.

मग धारेची वेळ झाली. तुम्हाला माहीत आहे की हे दुधाचं गाव आहे आणि डेअरीचा काटा आंदोलनासाठी थांबत नाही. एकेक माणूस घड्याळ बघत उठला, आणि थोड्याच वेळात शासनाविरुद्धचा सगळा संताप म्हशींखाली जाऊन बसला. राखणीला एकटे गेणभाऊ उरले. ते पिंजऱ्याच्या टपावर चढून बसले आणि वरून आम्हाला सरकारच्या चुका सांगू लागले. बऱ्याचशा बरोबर होत्या. कालवड दोन महिन्यांनी गाभण राहिली असती, हेही त्यांनी सांगितलं, आणि ते सांगताना आवाज खाली आला. मी म्हटलं, पंचनामा मीच केलाय, भरपाई येईल. ते म्हणाले, "पैशे येत्याल रं. पर ती मला वळखत व्हती."

तेवढ्यात शेळी ओरडायची थांबली. आठवडाभर ती थांबली नव्हती, म्हणून आम्ही तिघांनीही तिच्याकडे पाहिलं. ती ज्या दिशेला बघत होती तिथे उसाच्या तोंडाशी बिबट्या उभा होता. अजून पुष्कळ उजेड होता, त्याच्या अंगावरचा धुरळासुद्धा दिसत होता. जवळून ते जनावर मोठं दिसत नाही, लांब दिसतं. गेणभाऊंनी वर असण्याचा अर्थ जितक्या लवकर लावला तितक्या लवकर मी कोणाला काही कळलेलं पाहिलं नाही. ते टपावरून उतरले, त्यांनीच घातलेली खीळ त्यांनीच काढली, दार उचललं, आत शिरले आणि दार त्यांच्यामागे पडलं. परवेज म्हणाला, "या भाऊ, बसा." त्यांनी लाडवाचा उरलेला तुकडा बाजूला सरकवून बसायला जागा केली.

आता हिशेब असा झाला की सगळ्या शिवारात बिबट्यापासून सुरक्षित असे चार जीव होते आणि ते सगळे पिंजऱ्यात होते. बिबट्याने एक चक्कर मारली, शेळीचा वास घेतला, आमचाही घेतला (गेणभाऊ त्या वेळी श्वास घेत नव्हते) आणि जाऊन बांधावर बसला. मला घाम आला नाही की देव आठवला नाही. आपले मोजे ओले आहेत, एवढंच मनात येत होतं. मी साहेबांना फोन लावला. बैठक चालू होती.

असं रात्रीपर्यंतही बसता आलं असतं, पण शेताच्या वाटेने द्रौपदाबाई येताना दिसल्या. डोक्यावर पाल्याचा भारा, कमरेत वाकलेल्या, नजर पायाखाली. मामा, हे एक तुम्हाला गंभीरपणे सांगतो. उभ्या माणसाच्या वाटेला बिबट्या सहसा जात नाही, पण वाकलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही. तो बांधावर बसलेला होता तो पोटावर आला, खांदे वर निघाले. आम्ही तिघेही ओरडलो. म्हातारीला एवढंच कळलं की शेळीसाठी बोलावतायत. "आले रं बाबांनो, आले," असं म्हणत तिने पाय उचलले.

मी परवेजला म्हटलं, दार उचल. दाराला आतून धरायला काही नाही. खालच्या फटीत बोटं घालून परवेज आणि गेणभाऊंनी ते कसंबसं गुडघ्याएवढं वर घेतलं. गेणभाऊ म्हणाले, "नगं जाऊ, पोरा." पण दार त्यांनी सोडलं नाही, म्हणजे तेव्हा तरी सोडलं नाही. मी सरपटत बाहेर निघालो. पुढे काय करायचं ते ठरवलेलं नव्हतं. आवाज करावा, हात वर करावेत, पळू नये, असं शिकवलेलं होतं. मी सगळा बाहेर आलो होतो, डावा पाय तेवढा राहिला होता, आणि गेणभाऊंच्या हातातून दार सुटलं.

त्यानंतर मी जो आवाज केला तो नियमाप्रमाणे होता की नाही, सांगता येणार नाही. परवेजचं म्हणणं असं की तसा आवाज त्याने माणसाचा ऐकला नाही आणि बिबट्यानेही ऐकला नसावा. तो बांधावरून उलटा उडाला आणि उसात गेला. बराच वेळ लांबवर ऊस हलताना दिसत होता. द्रौपदाबाईंनी मात्र त्याला पाहिलंच नाही. त्यांनी मला जमिनीवर पडून ओरडताना पाहिलं. भारा खाली ठेवून त्या म्हणाल्या, "आरं, मुक्या जनावराम्होरं असं वराडत्यात व्हय? दूध आटंल तिचं." मग त्यांनी पाला टाकला, शेळीच्या पाठीवरून हात फिरवला आणि जाताना गेणभाऊंना विचारलं की या वयात पिंजऱ्यात काय करता. बिबट्या आला होता हे त्या आजही मानत नाहीत. परवेजने गाडी काढून त्यांना घरापर्यंत सोडलं, तेव्हाही गाडीत पाय पुसून बसायला लावतो म्हणून त्यांनी त्याला नावं ठेवली.

पण परवेज बाहेर निघायच्या आधी एक गोष्ट घडली. दुधाची किटली घेऊन कोणी एक तरुण त्या वाटेने गेला. त्याला दिसलं ते असं: वनरक्षक बाहेर, गेणभाऊ आत. त्याने लांबूनच फोटो काढला. साहेबांची बैठक संपायच्या आत तो फोटो बैठकीत पोहोचला. खाली लिहिलेलं होतं, 'वनखात्याची मुजोरी, वृद्ध शेतकऱ्याला पिंजऱ्यात कोंडले'. दुसऱ्या दिवशी आळेफाट्याला माझ्या पायाचा एक्स-रे निघत असताना खुलासा मागणारी नोटीस आली. भीती म्हणाल तर ती मला तिथे वाटली. नोटिशीची नाही. शेजारच्या खोलीत कोणीतरी पत्र्याचा ट्रे पाडला, आणि माझे दोन्ही पाय इतके थरथरू लागले की एक्स-रे परत काढावा लागला.

नोटिशीचं पुढे एवढंच झालं की गेणभाऊ स्वतः धोतर नेसून साहेबांकडे गेले आणि म्हणाले, कोंडला मी, आत शिरलो मी, दार सोडलं मी. पोरगं म्हातारीसाठी बाहेर गेलं. साहेबांनी नोटीस मागे घेतली. तेव्हापासून गेणभाऊ रोज माझ्याकडे दूध घेऊन येतात, प्लास्टरकडे बघतात, "हातच सुटला रं," म्हणतात आणि जातात. बिबट्या अजून पिंजऱ्यात आलेला नाही. आत कसली माणसं बसतात ते त्याने पाहिलंय, असं गाव म्हणतं.

तेव्हा मामा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. पगार जिवाच्या मानाने पुरत नाही. अंगठ्याच्या मानानेही पुरत नाही. बिबट्याचं काम वेगळं, लोकांचं वेगळं, आणि पगार एकाच कामाचा. पतसंस्थेत पंखा आहे. कल्याणीला तसं स्पष्ट सांगावं. मी लिहिलंय म्हणून सांगितलं तरी चालेल.

मामींना आणि तुम्हाला पुन्हा एकदा जय भीम.

तुमचा भाचा,
राजरत्न

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आत कल्याणी इथे येऊन ठेपली. माझा अंगठा बघायला आले म्हणाली. अंगठा तिने जेमतेम पाहिला. काल ती जुन्नरला जाऊन नोकरीवर हजर झाली आहे, ते सांगायला आली होती. तिची नेमणूक माझ्या शेजारच्याच हद्दीत, बोरीच्या बीटवर झाली आहे. तुम्हाला ती कॉम्प्युटरच्या क्लासला गेली असं वाटत असेल.

आणखी एक. वरचं सगळं पत्र तिने वाचलं (तुमचे निरोप वाचायची तिला सवयच आहे). भीती वाटली का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "दादा, दाराला आतून उचलायला कडी का नाही? बिबट्याला ती धरता येणार नाही, पण माणसाला येईल." इतकी वर्षं आम्ही ते पिंजरे लावतोय, हे कोणी विचारलं नव्हतं. आज सकाळी ती परवेजला घेऊन वेल्डिंगवाल्याकडे गेली आहे. मला वाटतं, मामा, आता ती परत यायची नाही.

शेवटचं, आणि खरं तर यासाठीच पेन पुन्हा हातात घेतलं. खात्याचे बूट पुरुषांच्या मापाचे येतात, ते तिला होत नाहीत. पाच नंबरचे चांगले बूट घेऊन पाठवावेत. आणि ही सगळी बातमी मामींना तुम्हीच सांगावी. मी सांगणार नाही. माझा पगार तेवढ्या धोक्याचा नाही.