मिलन-अंतरचा रविवार

पिंपळनेर,
माघ वद्य एकादशी

प्रिय झुलाल,

गेल्या गुरुवारी सकाळी मी देवांना स्नान घालत होतो आणि हात मध्येच थांबला. तुझे मामा वना आबा धुळ्याहून पहिल्या एसटीने आले होते. पूजा संपायची वाटही न पाहता ते ओसरीवरूनच बोलले, "लोटन, झुलालना दोन निरोप शेतस. पुढला रविवारले मिलन-अंतर शे, येजो. आनि तुनी पुष्पाले तो त्याना भाईदासकरता मांगस." दोन्ही निरोप एका दमात! तांब्यातलं पाणी देवांवर पडायचं ते माझ्या धोतरावर सांडलं. पूजा कशीबशी उरकली, आबांना चहा दिला, आणि उत्तर मात्र दिलं नाही. "लोक असा पोऱ्याकरता जोडा झिजाडतस, आनि तू तोंड धरी बठना!" असं म्हणत ते रागानेच परत गेले. ते त्यांनी तुला सांगितलं असणार. म्हणून पहिल्यांदा हे सांगतो की भाईदासमध्ये मला काही खोट दिसली नाही. तो पोर माझ्या डोळ्यांसमोर वाढला आहे. अडचण त्याची नव्हती, तुझी होती.

रविवारचं म्हणशील तर मी केव्हापासून त्या दिवसाकडे डोळे लावून बसलो आहे. नाताळात इटलीहून कार्लोची चिठ्ठी आली, तिच्यात त्याने मिलन-अंतरच्या फुटबॉल सामन्याची तारीख लिहिली होती, तेव्हापासून. यशोदाने माझं ते निळं-काळं उपरणं पुन्हा निळीत बुडवून काढलं आहे. ती हसते. म्हणते, या वयात माणसं माळ घेतात, आणि तुम्ही चेंडूवाल्यांचा झेंडा घेता. मी काय सांगणार तिला? तुझंही चाललं असेल. रेडिओ पुसून झाला असेल, एरियलची तार लिंबाला आणखी एक हात वर बांधली असेल, आणि गिरणीतून सुटून येताना तू वाटेत भेटेल त्याला सांगत असशील की यंदा अंतरवाल्यांची काही खैर नाही.

पुष्पाने मला परवा विचारलं की ही नावं मुळात आपली आहेत की त्यांची. तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि सांगताना मलाच ते पुन्हा दिसलं. फ्लोरेन्सच्या पलीकडचा तो डोंगर, गुडघाभर बर्फ, आणि आपल्या पलटणीला ज्या शेतघरात उतरवलं होतं ते घर. पहिल्याच दिवशी पोरं "मामा, मामा" ओरडत आत धावली आणि तू बंदूक भिंतीला टेकवून घरातल्या मामाला रामराम करायला उभा राहिलास. बाहेर आली ती त्यांची आई! तिकडे आईलाच मामा म्हणतात. तिचे दोन भाऊ, पिएत्रो आणि कार्लो, मिलान शहरावर बॉम्ब पडायला लागले म्हणून तिच्या आश्रयाला आलेले. दोघं एका ताटात जेवायचे, पण चेंडूचा विषय निघाला की बाक फिरवून एकमेकांकडे पाठ करून बसायचे. थोरल्याचा संघ मिलन आणि धाकट्याचा इंतर. आपल्या कानाला ते मिलन आणि अंतर असंच ऐकू आलं, आणि ते तसंच राहिलं. पिएत्रोने तुझ्या गळ्यात त्याचा लाल-काळा मफलर टाकला, कार्लोने मला ओढून आपल्या बाजूला बसवलं. आपण निवडलंच नव्हतं रे काही. मी दाराच्या उजवीकडे उभा होतो म्हणून अंतरवाला झालो.

डोंगरापलीकडे तोफा चालू असायच्या आणि ते दोघे म्हातारे लढाई संपल्यावर होणाऱ्या पहिल्या सामन्याबद्दल भांडायचे. कोण कुठे खेळेल, कोण कुणाला पाडेल, सगळं हातवारे करून आपल्याला पटवायचे. शहर जर्मनांच्या ताब्यात, खेळाडू कुठे पांगले याचा पत्ता नाही, आणि यांच्या मनात मात्र सामना अगदी उद्यावर आला होता. मला त्या वेळी नवल वाटायचं. आता वाटतं, त्या हिवाळ्यात आपण जगलो ते थोडंफार त्या सामन्याची वाट पाहत. मी रात्री डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचो, आणि तू बाजूने म्हणायचास, "लोटन, देवले सांग, अंतर हारू दे." मी चिडायचो, आणि चिडता चिडता झोप लागून जायची.

मग अमळनेरला परतल्यावर तू रेडिओ घेतलास आणि आपलं हे दरसालचं सुरू झालं. खरं सांगू? मला त्यातलं काही कळत नाही. तो माणूस घाईघाईने बोलतो, मध्येच खरखर येते, मध्येच कुणीतरी चिनी बाई गायला लागते. "रेते" म्हणजे गोल हे समजायला आपल्याला तीन सामने लागले. तोवर तू म्हणत होतास की मैदानात रेती टाकतात वाटतं. गेल्या वर्षी कोण जिंकलं ते मला अजून ठाऊक नाही. तू म्हणतोस मिलन, मी म्हणतो अंतर. दोघेही जिंकलो म्हणून दोघांनीही एकमेकांना वाढलं, आणि सुगंधा वहिनींनी खापरावरचा मांडा उलटता उलटता म्हटलं, "दोन्ही येडाच शेतस." तू मला सगळ्या पाहुण्यांसमोर अंतऱ्या म्हणतोस, मी तुला मिलन्या म्हणतो. गावात मला सगळे लोटन आबा म्हणतात. देवळात मी बोलायला लागलो की माणसं गप्प होतात. मला शिवी देणारं माणूस या जगात एकच उरलं आहे, झुलाल.

आणि इथेच माझं घोडं अडलं. तुला माझ्या थोरल्या बहिणीचं, बेबाचं लग्न ठाऊक नसेल. तुझी-माझी ओळख नंतरची. बेबाचे सासरे चिंधा काका आणि माझे वडील एकाच आखाड्यातले. दोघांची जोड अशी की एकाने दुसऱ्याला चीतपट केलं नाही असा पोळा जात नसे, आणि रात्री एकाच भाकरीचे दोन तुकडे. मग सोयरीक झाली. लग्नानंतर वडील पहिल्यांदा साक्रीला बेबाला भेटायला गेले तेव्हा मीही बरोबर होतो. चैत्राचं ऊन. चिंधा काका दारात आले आणि म्हणाले, "या पाटील, बसा." वडील म्हणाले, "तुम्ही बसा आधी." दोघेही उभेच राहिले! मुलीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, नातवंड होईपर्यंत, म्हणून वडील कोरड्या ओठांनी बोलत राहिले, पीकपाण्याचं, बाजाराचं. निघताना काका वेशीपर्यंत सोबत आले. वेशीबाहेरच्या विहिरीवर वडिलांनी पोहरा तोंडाला लावला, आणि पाणी पिऊन झाल्यावर कितीतरी वेळ पोहऱ्यातच बघत राहिले. पुढे नातवंडं झाली, पाणी सुरू झालं, जेवण सुरू झालं. पण ते दोघे पुन्हा कधी एकमेकांशी भांडले नाहीत. तुम्ही-आम्ही म्हणतच दोघे गेले.

मी मुलीचा बाप होणार. तू मुलाचा. उद्या मी तुला मिलन्या म्हटलं तर तुझे भाऊबंद म्हणतील, मुलीकडच्याची जीभ बघा. तू मला अंतऱ्या म्हटलंस तर माझे भाऊबंद म्हणतील, बघा, आत्तापासून कमी लेखतात. आणि मग आपण दोघे रेडिओसमोर सरळ बसू, पान खाऊ, आणि म्हणू की आपण काय म्हणता, आपलाच संघ बरा खेळतो. मला हे सोसवेना. पाच दिवस मी याच विचारात होतो. यशोदा शेवटी चिडली, "तुमले पोरनं लगीन मोठं का रेडिओनी खरखर?" मला लाज वाटली. मुलीचं चांगलं होत असताना बाप आपल्या रविवारसाठी अडून बसतो, हे देवापुढे बसूनही मला बोलता येईना.

काल पहाटे जातं चालू होतं. पुष्पा आईला सांगत होती, मी जागा आहे हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणाली, "आबा झुलाल काकाले अहो-जाहो करतीन, ते मी त्या घरमा परकीच व्हई जासू. ते दोन्ही भांडतस तवयच माले ते घर आपलं वाटस." जातं थांबलं नाही. मी मात्र अंथरुणात उठून बसलो. पाच दिवस मी तिचं आणि माझं असं दोन बाजूंना तोलत होतो, आणि ती पोर दोन्ही एकच असल्याचं दळता दळता सांगून गेली.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो. आज सकाळी मी धुळ्याला वना आबांकडे गेलो. त्यांच्या ओट्यावर चार-पाच माणसं बसली होती. बरंच झालं, मला साक्षीच हव्या होत्या. मी म्हटलं, पुष्पा दिली. मुलीच्या घरी जेवायचं नाही हे माझ्या वडिलांनी पाळलं, मीही पाळीन. ते देवाचं आहे, त्याला मी हात लावणार नाही. रविवारी अमळनेरला जाईन तेव्हा माझी भाकरी फडक्यात बांधून नेईन आणि झुलालच्या ओट्यावर बसून खाईन. पण झुलालला मी अरे-तुरे करतो, पुढेही करीन. मांडवात करीन, पंगतीत करीन, आणि तो मला करील. यात मुलीकडचं कोण आणि मुलाकडचं कोण हे कुणी काढायचं नाही. हे कबूल नसेल तर आत्ताच सांगा. माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. एक जण म्हणाला, असं कुठे असतं का. आबांनी दाढी खाजवली. मग म्हणाले, "भाचाले मी वळखस. त्याले अहो म्हनशी ते तो आजारी पडी जाई." मी पिशवीतून नारळ काढून पुढे केला. आबांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला.

तुझाच,
लोटन