लाल चांदणीचा रकाना

दौंड,
गुरुवार, १२ ऑक्टोबर २००६

प्रिय दीक्षा,

‘प्रिय’ सवयीनं उमटलं आहे, त्यावर फार विसंबू नकोस. गेल्या रविवारी वाचनालयाच्या समारंभात तू मला शाल दिलीस, वाकून नमस्कार केलास आणि पुण्याची गाडी गाठायची म्हणून चहाही न घेता निघालीस. त्यामुळे जे तोंडावर बोलायचं होतं ते लिहून पाठवते. शांतपणे बसून वाच. मी शांत नाही.

आधी एक गोष्ट साफ करते. तुझा तो नवा प्रोग्रॅम बसवल्यापासून म्हातारीला कॉम्प्युटरची धास्ती बसली आहे, असं सत्यजीतनं तुला सांगितलं असेल. माझ्या जागी काउंटरवर बसणारा हा मुलगा मला माऊस धरायला शिकवायला आला होता. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आहे. अक्षर वाकडं आलं की सिस्टर बोटांवर पट्टी मारायच्या. तुझ्या प्रोग्रॅममधल्या इंग्रजीच्या चुका मी एका कागदावर काढून ठेवल्या आहेत, सवडीनं पाठवीन. पुस्तक जागेवर आहे की नाही हे बसल्या बसल्या कळतं, उद्या केंदूरचा माणूस शिरूरला बसून दौंडचं पुस्तक मागवू शकेल, हे चांगलं आहे. चांगल्याला चांगलं म्हणायला मला कष्ट पडतात, तरी म्हणते.

आता त्या पुरस्काराबद्दल. जुनी रजिस्टरं यंत्रात भरलीत आणि त्यातून ‘सर्वाधिक वाचन करणारा सभासद’ शोधून काढलात. सभासद क्रमांक सदतीस, एक्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी, चारशे बारा पुस्तकं. म्हणजे मी. अध्यक्ष आनंदराव माइकवर म्हणाले, “ताई नोकरी करत होत्या का नुसत्याच वाचत बसत होत्या!” सगळा हॉल हसला. तूही हसलीस. अगं, ती यादी उघडून तरी पाहिलीस का? आठवीचं गणित, नववीचं गणित, दहावीचं गणित, आणि ताऱ्यांवरचं एकच पुस्तक नऊ वेळा. चाळिशी ओलांडलेली ग्रंथपाल आठवीचं गणित घरी नेऊन काय करणार होती?

ती तू वाचलेली पुस्तकं होती.

तुला हे कधी सांगितलं नाही. तुझे वडील भिमाजी, रेल्वेतले गँगमन. खुटबावहून शटलनं यायचे, बूट दाराबाहेर काढायचे आणि तुझ्या सभासदत्वाचा अर्ज माझ्यापुढे ठेवायचे. त्यावर दोन सभासदांच्या जामीनदार म्हणून सह्या लागायच्या. कर्मचाऱ्याला जामीन राहता यायचं नाही. भिमाजींनी चार महिने सह्या मागितल्या. कुणीही ‘नाही’ म्हटलं नाही. “बघू की”, “पुढच्या बाजाराला या”, “चष्मा घरी राहिलाय”. आनंदराव तेव्हा चिटणीस. भिमाजी दिसले की त्यांना आतल्या खोलीतलं काम आठवायचं. तुमची वस्ती कुठली हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि नियमात तसं एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. शेवटी मी तुला म्हटलं, “तुला कार्ड कशाला? तुझा चेहराच कार्ड.” सात वर्षं तुला माझ्या नंबरावर पुस्तकं दिली. ताऱ्यांच्या पुस्तकाचा कोपरा चुलीत जळला म्हणून तू रडत आलीस, तेव्हा मी तुझ्यावर ओरडले आणि त्याला काळं कापड चिकटवलं. आपण फार मोठं काम करतो आहोत, असं तेव्हा मला वाटायचं.

आणि तू काय केलंस? तो जुना अर्ज समोर ठेवून ओळीला ओळ यंत्रात उतरवलास. ‘जामीनदार’ खोडून ‘संदर्भ सभासद क्रमांक’ केलंस. दोन रकाने, शेजारी लाल चांदणी. ते भरल्याशिवाय ‘पुढे’चं बटण उजळत नाही. खाली ई-मेल, तिथंही चांदणी. पुढच्या महिन्यात हेच शिरूरला बसवणार आहेस म्हणे. कागदावरच्या नियमाला कुठं तरी फट असते, दीक्षा. तू त्या फटीतूनच आत आलीस आणि मोठी होऊन तीच लिंपून टाकलीस. आनंदरावांना निदान तोंड लपवावं लागायचं. तुझ्या यंत्राला तेवढीही लाज नाही.

हे मला कळलं परवाच्या मंगळवारी. मी मासिकं चाळत बसले होते. एक वयस्क बाई काउंटरपाशी आली, सभासद व्हायचंय म्हणाली. सत्यजीत मनानं वाईट नाही. त्यानं नाव भरलं, गाव भरलं आणि चांदणीपाशी अडला. “आजी, दोन मेंबरचे नंबर लागतील. आन् ई-मेल हाय का?” “ते काय असतंय?” “मग नातवाला पाठवून द्या.” “वाचायचंय मला, नातवाला न्हाई.” टेबलाभोवती सात-आठ जण पेपर वाचत होते. त्या सगळ्यांच्या पेपरात एकदम महत्त्वाच्या बातम्या आल्या. मी उठले, निवृत्त असल्यामुळे एका रकान्यात माझा नंबर घातला आणि म्हटलं, दुसरा मी कुणाकडून तरी मागून आणते. ती म्हणाली, “मागायचं न्हाई. आमच्या ह्यांनी चार म्हैनं मागून बघितलं.” मग माझ्या कार्डावर ने, म्हटलं. त्यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की सिस्टरची पट्टीही कधी इतकी लागली नव्हती. “तुमच्या नावावर नगं, ताई. लई वर्सं तुमच्याच नावावर झालं. आता माज्या नावावर पायजे.”

तुझी आई होती ती, आक्काबाई. खुटबावला दर शनिवारी मी ज्या बायकांना अक्षरं शिकवते, त्यांतली सगळ्यात हट्टी. तिला ते ताऱ्यांचं पुस्तक हवं होतं, ‘कोपरा जळल्यालं’. ती भाकरी थापायची तेव्हा तू वाचून दाखवायचीस ते. यंत्राला जळलेला कोपरा सांगता येत नाही, पण पुस्तक कपाटात आहे, मी हात लावून आले. लेकीला कळवायचं नाही, पोरीचा वशिला नगं, अशी तिनं मला शपथ घातली. ती मी मोडते आहे. शालीबरोबर दिलेलं पुरस्काराचं प्रमाणपत्र सोबत परत पाठवते, त्यावरचं माझं नाव खोड आणि ज्या मुलीनं ती चारशे बारा पुस्तकं वाचली तिचं घाल. आक्काबाईचा अर्धवट अर्जही छापून जोडला आहे. त्या दुसऱ्या रकान्यात स्वतःचा नंबर घालून मोकळी झालीस, तर पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. ते रकानेच काढ, ई-मेलची चांदणीही काढ, दौंडचं आणि शिरूरचं दोन्ही. येत्या मंगळवारी ती पुन्हा शटलनं येणार आहे. बटण उजळेल, असं मी तिला सांगून बसले आहे.

तोवर तरी रागातच, पण
तुझीच,
ताई