ड्रॉइंग हॉलमधले कॉम्प्युटर

१३ जून २००५
शाळा सुरू. संस्थेने दहा कॉम्प्युटर दिले. ठेवायला जागा नव्हती, मी होऊन माझा ड्रॉइंग हॉल देऊ केला. मुख्याध्यापिका प्रेमलाबाई म्हणाल्या, सर, मग चित्रकला कुठे शिकवणार? म्हटलं, त्यांच्यावरच. विश्रांतवाडीतला पहिला डिजिटल आर्ट विभाग. बाई म्हणाल्या, बघा बुवा. हा होकार समजतो.
संकल्प: स्वतः रोज एक स्केच. उद्यापासून. पेन्सिली माळ्यावर आहेत.

२० जून
माउस हातात घेतला. सरळ रेघ येत नाही. फळ्यावर एका दमात वर्तुळ काढणारा माणूस मी. तेव्हा दोष माउसचा.
आठवीच्या पोरांना सगळं आधीच येतं. शिकवायचा वेळ वाचला.
स्केच नाही. वाईट वाटलं नाही. बरंही वाटलं नाही. हल्ली असंच.

११ जुलै
प्रोजेक्ट जाहीर केला: ‘माझ्या घरातलं माणूस’. पंधरा ऑगस्टला पालकांसमोर प्रदर्शन. तोवर नुसता सराव, सेव्ह करायचं शेवटच्या आठवड्यात.
राजनंदिनी म्हणाली, सर, मी आईला कागदावर काढू का? म्हटलं, कागद संपला आता. तिने कागद दप्तरात ठेवला. मग कॉम्प्युटरवर जाऊन बसली.

१ ऑगस्ट
राजनंदिनी मधल्या सुट्टीतही बसते. आईचा कपाळावर आलेला केस चार वेळा पुसून काढला. चित्रातली बाई आता बोलेल असं वाटतं. माझ्या पद्धतीचं यश. जिल्हा स्पर्धेला पाठवायचं नक्की.
बायकोला सांगितलं. शर्मिला खराडीला आयटी कंपनीत अकाउंट्स बघते, घरी येते ती डोळे मिटूनच. म्हणाली, अहो, प्रत्येकाच्या फाइलला वेगळं नाव द्यायला सांगा हं. अकाउंट्सच्या लोकांना कला कळत नाही.

८ ऑगस्ट
सेव्ह करायचा आठवडा. एका कॉम्प्युटरवर पाच मुलं, रोज एक. शिस्त म्हणून सगळ्यांच्या फाइलला एकच नाव: ‘चित्र’. शोधायला सोपं. आज पहिला नंबर राजनंदिनीचा.
पंधरा तारखेपर्यंत कुणी काही उघडून बघायचं नाही. सरप्राइज.

९ ऑगस्ट
सेव्ह करताना कॉम्प्युटर इंग्रजीत काहीतरी विचारायला लागला आहे. रिप्लेस की काय. मुलांना सांगितलं, वाद घालू नका, ‘येस’ म्हणा आणि पुढे चला.

१२ ऑगस्ट
राजनंदिनीच्या कॉम्प्युटरवर शेवटचा नंबर साईचा. त्याने रंग ओतायचं बादलीचं बटण दाबून पडदा सगळा काळा केला. म्हणाला, बाबा नाइट शिफ्टला असतात. अमूर्त शैली. पाठ थोपटली. त्याने ‘येस’ दाबलं.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन, मग प्रदर्शन. मुलं पन्नास. चित्रं दहा.
पालक या पडद्यावरून त्या पडद्यावर आपलं माणूस शोधत होते. संस्थेचे रावसाहेब म्हणाले, बाकीची पोरं घरीच ठेवलीत का, सर?
राजनंदिनीची आई, कांताबाई, कुठल्याशा ऑफिसात सफाईला असतात. शिफ्ट बदलून आल्या होत्या. नवी साडी. पोरीने हात धरून कॉम्प्युटरपुढे आणलं. पडदा काळा.
पोरीने माझ्याकडे बघितलं. मी माउस हलवून पाहिला.
कांताबाईंनी वाकून पडदा जवळून बघितला. मग म्हणाल्या, “बरोबर काढलंयस गं. लाइट गेल्यावर मी अशीच दिसते.”
आजूबाजूचे हसले. राजनंदिनी म्हणाली, असू दे सर. मी काही म्हणालोच नव्हतो.
मला काहीच वाटलं नाही. रात्री शर्मिला म्हणाली, भाजीत मीठ नाही, कळलं नाही का तुम्हाला? नव्हतं कळलं.

१६ ऑगस्ट
दोष सॉफ्टवेअरचा. तसा अहवाल बाईंना दिला. बाई म्हणाल्या, सर, कॉम्प्युटरने विचारलं होतं की.

१८ ऑगस्ट
राजनंदिनीला बोलावून सांगितलं, परत काढ, स्पर्धेला अजून वेळ आहे. म्हणाली, आता नको. आईने बघितलंय ना.
बरोबर आहे. तिचाच उत्साह कमी.

२२ ऑगस्ट
डिजिटल आर्ट विभाग तूर्त स्थगित. हॉलमध्ये आता फक्त टायपिंग. चित्रकला व्हरांड्यात, पाऊस नसेल तर.
टायपिंगच्या तासालाही मुलं चित्रंच काढत बसतात म्हणून तक्रार आली. म्हणजे गोडी मीच लावली. बाईंनी दारावर लावायला पाटी रंगवून मागितली. माझ्याशिवाय शाळेचं भागत नाही. मजकूर त्यांचाच:
‘चपला बाहेर काढाव्यात. आत चित्रे काढू नयेत. हुकमावरून.’
ब्रशने लिहिली. अक्षर सुरेख आलं. राजनंदिनी जाताना थांबली, वाचलं, पुढे गेली.
पाटी खिळ्याला अडकवली. वाचून चपला काढल्या. मग लक्षात आलं, आत माझा तास नाही.
परत घातल्या.