हरित चौकाखालचा ओढा

प्रिय भरत,

फोन तू उचलत नाहीस, आणि नव्या बंगल्यावर यावं तर चार चमचे तुझ्याभोवती बसलेले असतात. म्हणून लिहिते.

तुझा गावविकास आराखडा अखेर वाचला. मुखपृष्ठावर तळहातावर ठेवलेली पृथ्वी, खाली 'हवामान बदल केंद्रस्थानी'. आत काय, तर ओढ्यावर स्लॅब, स्लॅबवर पेव्हर ब्लॉक, कडेला कुंड्या आणि त्याला नाव हरित चौक. शिवाय ग्रामपंचायतीला एसी. चौतीस वर्षं शाळेत काढली, कॉपी करणारी पोरं पुष्कळ पाहिली. पण ती निदान प्रश्न तरी वाचायची. सरपंचसाहेब, ओढा पाणी वाहायला असतो, हे चौथीत मीच शिकवलं होतं तुला.

त्याच ओढ्यात तू खेकडे धरायचास, ओल्या चड्डीनं घरी यायचास. तेव्हा तुला पाण्याची वाट ठाऊक होती, आता सल्लागार सांगेल ती वाट. मेमधला पाऊस काही त्या सल्लागाराला विचारून आला नाही. स्लॅबखाली कचरा अडकला आणि पाणी खालच्या वस्तीत शिरलं. साळुबाईचा मंचरच्या बाजारात न्यायचा कांदा साठवणीच्या बराखीतच सडला. तिची बाळंतीण सून अक्षदा तान्हं पोर खांद्यावर घेऊन कमरेभर पाण्यातून बाहेर आली. तू दुसऱ्या दिवशी बिस्किटांचे पुडे वाटलेस आणि फोटो काढून घेतलेस. मला तुझी लाज वाटली. आणि आता सोमवारच्या ग्रामसभेत उरलेला ओढाही झाकायचा ठराव आणतो आहेस.

मी साळुबाईकडे गेले होते. घरातला चिखल ओढता ओढता ती म्हणाली, "बाई, तुमी सांगितलं म्हणून सही केली. आमाला कुणी वाचून दावलं व्हतं?"

तेव्हापासून मला माझीच किळस येते. तुझ्या आराखड्याला मंजुरी देणारी महिला ग्रामसभा झालीच नव्हती. तू रजिस्टर माझ्या हातात दिलंस आणि मी मिरवत घरोघर फिरले. साक्षरता वर्गात ज्यांचा हात धरून नाव गिरवून घेतलं, त्यांच्याच सह्या कोऱ्या पानावर घेतल्या. सोमवारी सभेत उभी राहून हे सगळं सांगणार आहे. तुझं पद जाईल, माझ्यावरही कारवाई होईल. होऊ दे. दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आधी तुला कळवलं. तक्रारीचा कागद तयार आहे. पहिली सही साळुबाईची आहे, आणि या वेळी मी तिला तो दोनदा वाचून दाखवला.

अजूनही तुझीच,
आई