राजाच्या मुखवट्यातली पानं

१२ नोव्हेंबर १५९३, क्लार्कनवेल, लंडन
आजपासून दरबारी नाटकांच्या कपडेखात्यात रुजू झाले. मोठ्या खिडक्या, शेगडीची ऊब, जेवायला मटणाचा रस्सा! मुख्य शिंपी ऑझवॉल्ड मास्तर म्हणाले, नटाची बायको ना तू, मग सुईपेक्षा तोंडच जास्त चालणार. मी म्हटलं, दोन्ही सारखीच चालतात, मास्तर. माझा नवरा गिल्बर्ट गेल्यापासून मी पहिल्यांदाच हसले. नाताळात राणीसरकारांपुढे नवा खेळ आहे. जुने मुखवटे भिजवून त्याच लगद्याचे नवे करायचे.

१५ नोव्हेंबर
हे मुखवटे जुन्या नाटकांच्या कागदांचे आहेत. खेळ झाला की ती पानं कुणाला हवीत! आज एका राजाच्या मुखवट्यात माझ्या गिल्बर्टचं अक्षर निघालं. नटाला सबंध नाटक कधीच मिळत नाही. मिळतात ती त्याची वाक्यं, आणि प्रत्येकाआधी समोरच्याचे शेवटचे दोन-चार शब्द. ते शब्द मी सलगम सोलताना वाचायची, पुढचं तो बोलायचा. मुखवटा टोपलीत लपवून ठेवलाय.

१९ नोव्हेंबर
दुपारी एकटीच होते. टोपलीत डोकावून मुखवट्यातले समोरच्याचे शब्द सहज वाचले, 'घोडे तयार आहेत, महाराज.' टोपलीतून उत्तर आलं, 'एवढी घाई कसली?' त्याचाच आवाज. पळावंसं वाटलं नाही. खूप रडले.

२४ नोव्हेंबर
रोज एकच वाक्य वाचते, पुरवून पुरवून. पण आता तो कण्हतो. पाणी मागतो. ऑगस्टमध्ये त्याला प्लेगची गाठ आली आणि मी भावाकडे पळाले. प्लेगच्या घराला सरकारी माणसं लावतात तसं बाहेरून कुलूप पडलं. तीन दिवस आतून दार ठोठावत होता, शेजारीण म्हणाली. मी—

२७ नोव्हेंबर
मास्तर म्हणतात, कुणाशी बोलत असतेस गं? उद्या टोपलीतला तो मुखवटाही भिजवायचाच, असं बजावलंय. शेवटचं वाक्य उरलंय. वाचलं की तो संपला. नाही वाचलं तर तसाच तापात— सारखं म्हणतो, सिसली, पुढचं सांग ना.

२८ नोव्हेंबर, सकाळ
सांगते. त्याला मोकळं करते.
वाचलं. 'निरोप द्यावा, महाराज.' कागदावर त्याचं उत्तर आहे, 'सुखी राहा.'
टोपली गप्प.
दारावर थाप. परत— बाहेर कुणी नाही. थाप दाराच्या आतल्या बाजूनं, त्या तीन दिवसांसारखी—
हे वाक्य कागदावर नाही. तो विचारतोय, सिसली, त्या दिवशी तू मला सोडून का—