गायीच्या दुधाला स्थगिती

एडिसन, न्यू जर्सी
ता. २० नोव्हेंबर १९९९

आदरणीय बाबा व आई यांस,
चैतालीचा सप्रेम जयभीम, वि. वि.

मी खुशाल आहे. रविवारच्या फोनवर तुम्ही सगळे एकदम ओरडता आणि मागे आयुष रडतो, म्हणून महत्त्वाचं ते पत्रातच लिहिते. आयुषच्या पहिल्या वाढदिवसाला, एक डिसेंबरला, मला येता येणार नाही. नवीन वर्ष लागताच इथल्या बँकांचे कॉम्प्युटर सन दोन हजारला एकोणीसशे समजतील अशी सगळ्यांना धास्ती आहे. ते तसं समजू नयेत म्हणून आमच्या रजा रद्द झाल्या. दहा जानेवारीला मात्र नक्की येते.

वर्षाचा झाला की डब्याचं दूध बंद करून गायीचं द्यायचं, असं डॉक्टरबाईंनी सांगितलंच होतं. माझी एक विनंती आहे. ते पहिलं गायीचं दूध मला माझ्या हातानं पाजू द्या. सात महिन्यांचा सोडून आले, अंगावरचं तेव्हाच तुटलं. आता त्याच्यासाठी मी स्वतः करते असं एकच काम उरलंय, इथून पावडरचे डबे पाठवायचं. आमच्या टीममधल्या गंधारबरोबर आणखी चार पाठवते आहे. धम्मदीपलाही बजावा. वाघोलीच्या कॉलेजातून घरी येताना त्याला वाटेत गोठे दिसतात आणि बाप म्हणून उत्साह येतो.

आईला म्हणावं, रागावू नकोस. तुमची माया इथवर पोचते, ती अशीच पोचत राहो.

आपली,
चैताली

येरवडा, पुणे ६
ता. २० डिसेंबर १९९९

चि. चैताली हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझ्या पत्राला आवक क्रमांक टाकून ते फाइलला लावलं. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं कारकुनी केली, पण खडकवासल्याचं पाणी सोडतानाही इतक्या अटी घातलेल्या मी पाहिल्या नाहीत. असो. आदेश तो आदेश. मी एक नोंदवही सुरू केली आहे. तुझी आई सांगते, मी लिहितो: सकाळी पावडर, दुपारी पावडर, संध्याकाळी पावडर. खाडाखोड एकही नाही.

तुझ्या आईनं एवढंच विचारलं की महापालिकेच्या दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स म्हणून ती नेमकं काय करत होती. मी म्हटलं, सेवापुस्तकात लिहिलेलं असेल. तेव्हापासून ती या विषयावर गप्प आहे. तिच्या गप्प बसण्याची मला भीती वाटते.

वाढदिवस छान झाला. वंदना झाली, केक कापला. चिरंजीवांनी केक सोडून त्याचा खोका खाल्ला. हल्ली वरणभात मात्र तोंडात धरून ठेवतो आणि मग आपल्या अंगावर परत करतो. जावईबापू म्हणतात, दात येत असतील. बाकी ठीक. चहा अलीकडे फारच दाट आणि झकास होतो, तो प्यायला तरी ये.

आठवण रोज निघते, ती तशीच निघत राहील.

तुझा,
बाबा

एडिसन
ता. ५ जानेवारी २०००

आदरणीय बाबा व आई यांस,
सप्रेम जयभीम.

जग बुडालं नाही, हे तुम्ही वाचलंच असेल. आम्ही रात्रंदिवस राबलो आणि काहीच घडलं नाही. आता साहेब लोक विचारतात, की काही घडणारच नव्हतं तर एवढी माणसं कशाला बोलावली होती?

तरीही कॉम्प्युटरमधल्या साफसफाईचं काम निघालं आहे आणि माझं येणं पंधरा मार्चवर गेलं. वाईट वाटून घेऊ नका. नोंदवही मात्र चालू ठेवा. बाबा, तुमच्या त्या तीन वेळच्या पावडरनं मला किती बरं वाटलं, ते सांगता येत नाही. एवढे दिवस थांबलात, आणखी दोन महिने थांबा. आणखी डबे पाठवते.

माझ्या हट्टासकट मला पदरात घ्या.

आपली,
चैताली

येरवडा
ता. १८ जानेवारी २०००

चि. चैताली हिस,
आशीर्वाद व जयभीम.

हे पत्र बसून वाच. आयुष उत्तम आहे, ते आधी लिहितो.

चार दिवस त्याला शौचाला होईना, जेवण तर बंदच. म्हणून आम्ही तिघं त्याला घेऊन डॉक्टरबाईंकडे गेलो. बाईंनी विचारलं, दूध किती पितो? मी नोंदवही उघडली. तेवढ्यात तुझी आई शांतपणे म्हणाली की गायीचं, सकाळी एक कप आणि दुपारी एक, वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवसापासून. माझ्या हातातली वही मिटली. मग मलाही सांगावं लागलं, की ती संध्याकाळी विहारात गेली की दोन बश्या मी पाजतो. तो माझ्या चहाच्या बशीकडे टक लावून बसायचा, मला राहवेना. जावईबापू भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता फार लक्ष देऊन वाचत होते. बाईंनी विचारल्यावर त्यांनी कबूल केलं, की झोपताना एक बाटली त्यांची. वाघोलीच्या सुखदेवच्या गोठ्यातली. सुखदेवनं त्यांना शपथेवर सांगितलंय की एकाच गायीचं हाय.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, एवढं तर वासरालाही मिळत नाही. दिवसाला दोन कप, बाटली बंद, बाकी जेवण, असं लिहून दिलं. आता तो वरणभात ओरपतो आहे.

घरी आल्यावर मी विचारलं, मग ते डबे संपले कसे? तुझी आई म्हणाली, गेला दीड महिना चहाची तारीफ कोण करत होतं?

मागचं पत्र लिहायला बसलो, तेव्हा आयुषच्या ओठावरची दुधाची मिशी मीच पुसली होती. पस्तीस वर्षांच्या नोकरीत खोटी नोंद केली नव्हती गं. मला माफ कर.

राग असू दे, पण पत्र लिहीत जा.

तुझा अपराधी,
बाबा

एडिसन
ता. ३० जानेवारी २०००

आदरणीय आईबाबा,
जयभीम.

आधी खूप हसले. मग स्वयंपाकघरात उभी राहून रडले. मला राग आला आहे, तोही लिहूनच टाकते. तुम्हा तिघांना एकमेकांना फसवायला वेळ मिळाला, मला विचारायला नाही.

पण खोटी नोंद तुमची एकट्याची नाही, बाबा. मार्चच्या आधी सोडणार नाहीत, हे मला वीस नोव्हेंबरलाच माहीत होतं. जानेवारी लिहिलं, कारण जानेवारी लिहिलं तरच तुम्ही थांबाल असं वाटलं. तो डब्यावर आहे तोवर माझी जागा कुणी भरलेली नाही, असं मी स्वतःला सांगत होते. आता कंपनी आणखी दोन वर्षं राहा म्हणते. फेब्रुवारीअखेर उत्तर हवंय. धम्मदीप म्हणतो, तुझं तू ठरव. इतकं समजूतदार कुणी असू नये.

दूध गेलं ते गेलं. निदान यापुढचं काही माझ्याशिवाय सुरू करू नका. मी येईपर्यंत थांबा.

तुमचीच,
चैताली

येरवडा
ता. ११ फेब्रुवारी २०००

चि. चैताली,
जयभीम.

पत्रं लिहिण्याचं खातं यांच्याकडे आहे, पण हे मी लिहिते.

तू पाच महिन्यांची असताना मी ड्यूटीवर रुजू झाले. तुझ्या आजीनं मला न विचारता तुला वरचं दूध सुरू केलं. मी तीन दिवस तिच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी पुन्हा तुला तिच्याकडेच सोडून कामावर जायचं होतं, म्हणून बोलले. तिच्या जिवावर एकतीस वर्षं नोकरी केली. त्यामुळे तुला नोकरी सोड असं सांगायला माझं तोंड नाही. दोन वर्षं राहायचं तर राहा. आम्ही त्याला नीट सांभाळू, आणि तो आम्हाला सोडणार नाही. याचा विचार तुझा तू कर.

तुझ्या मागे खोटं वागले, ते चुकलं. दूध पाजलं, ते नाही.

परवापासून तो भिंत धरून उभा राहतो. काल हात सोडला आणि बसला. मार्चपर्यंत चालायला लागेल. त्याला थांब म्हणून कळवायचं असेल तर त्याच्या नावानं वेगळं पत्र लिही. हे वाचून दाखवतील.

लोभ होता तेवढाच आहे.

तुझी आई,
चंपा